दुबळ्या प्रतिकारशक्तीचा हल्ला : एचआयव्ही आणि रक्तपट्टिका

नववी-दहावीच्या वर्गात आपण दोन गोष्टी शिकवतो. एक, एचआयव्ही हा विषाणू माणसाची रोगप्रतिकारशक्ती खच्ची करतो. दुसरी, रक्तपट्टिका जखमेतून वाहणारे रक्त थांबवतात. या गोष्टी दोन वेगळ्या धड्यांत येतात आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल असे विद्यार्थ्यांना वाटत नाही. पण शरीरात असे धडे पाडलेले नसतात. एचआयव्हीची लागण झालेल्या आणि उपचार न घेतलेल्या लोकांच्या निरनिराळ्या पाहण्यांमध्ये शंभरातल्या साधारण 5 ते 30 जणांच्या रक्तपट्टिका कमी आढळल्या आहेत. त्यांपैकी बऱ्याच जणांत त्या कमी होण्याचे कारण असे, की त्यांची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा रक्तपट्टिकांना शत्रू समजून नष्ट करत असते.

यावर एखादा चौकस विद्यार्थी नक्की विचारील, ‘‘सर, प्रतिकारशक्ती तर दुबळी झालेली असते ना? मग ती हल्ला कशी करते?’’

प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचे उत्तर शोधताना प्रतिकारशक्ती म्हणजे नेमके काय, याविषयीची आपली समजूतही थोडी दुरुस्त करावी लागते.

पांढऱ्या पेशी नव्हेत, रक्तपट्टिका

आधी एक गोंधळ दूर करू. धाराशिव जिल्ह्यातल्या येरमाळ्यासारख्या गावात पावसाळ्यानंतर तापाची साथ आली, की एसटीच्या थांब्यापासून शाळेच्या खोलीपर्यंत एकच प्रश्न ऐकू येतो : ‘‘पेशी किती आल्या?’’ डेंग्यूने हा शब्द घरोघरी पोचवला. पण बहुतेक लोक या पेशींना ‘पांढऱ्या पेशी’ म्हणतात. ते बरोबर नाही. पांढऱ्या पेशी हे प्रतिकारयंत्रणेचे सैनिक. डेंग्यूत ज्यांची मोजदाद चालते त्या प्लेटलेट, म्हणजेच रक्तपट्टिका, निराळ्या. आपल्या लेखात तर हा फरक फारच महत्त्वाचा आहे, कारण इथे एक पक्ष मारणारा आहे आणि दुसरा मार खाणारा.

रक्तपट्टिका या पूर्ण पेशीही नव्हेत. अस्थिमज्जेत मेगाकॅरिओसाइट नावाच्या खूप मोठ्या पेशी असतात. त्यांचे बारीक बारीक तुकडे सुटून रक्तात येतात, त्याच या पट्टिका. त्यांना केंद्रक नसते. इटलीच्या जूलिओ बित्सोझेरो यांनी 1882 साली त्यांचे रक्त थांबवण्याचे काम ओळखले आणि 1906 मध्ये अमेरिकेतल्या जेम्स होमर राइट यांनी त्या मज्जेतल्या महाकाय पेशींपासून होतात हे दाखवले. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात दीड ते साडेचार लाख पट्टिका असतात. एक पट्टिका आठ ते दहा दिवस जगते. म्हाताऱ्या झालेल्या पट्टिका प्लीहेत आणि यकृतात मोडीत निघतात. ही मोड भरून काढण्यासाठी मज्जेला रोज दहा हजार कोटींच्या आसपास नव्या पट्टिका तयार कराव्या लागतात.

पट्टिका थोड्या कमी झाल्याने सहसा काही बिघडत नाही. पन्नास हजारांपर्यंत उतरल्या तरी बहुतेकांना कळतही नाही. वीस-तीस हजारांच्या खाली गेल्या, की हिरड्यांतून रक्त येणे, घोळणा फुटणे, पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठणे, मार न लागता काळेनिळे डाग पडणे, स्त्रियांना पाळीत फार रक्तस्राव होणे असे प्रकार दिसू लागतात. दहा हजारांच्या खाली मेंदूत किंवा आतड्यात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. तसे क्वचित घडते, पण घडले तर जिवावर बेतते.

स्वतःवर केलेला प्रयोग

दुसरा कोणताही आजार नसताना पट्टिका घटण्याचा विकार वैद्यांना फार पूर्वीपासून माहीत होता. वाद होता तो कारणाविषयी. मज्जा पट्टिका बनवत नाही, की बनलेल्या पट्टिका रक्तात कोणी मारते?

1950 साली अमेरिकेतल्या सेंट लुइस येथे विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरने याचा निकाल लावायचे ठरवले. या विकाराच्या एका रुग्णाचे सुमारे अर्धा लिटर रक्त त्याने स्वतःच्या शिरेत घेतले. काही तासांतच त्याच्या पट्टिका जवळजवळ नाहीशा झाल्या आणि त्याला झटकाही आला. त्याची मज्जा तपासली तर मेगाकॅरिओसाइट जागच्या जागी शाबूत. म्हणजे कारखाना चालू होता, माल मात्र बाहेर पडल्यावर नष्ट होत होता. आणि नष्ट करणारी वस्तू रुग्णाच्या रक्तातून आली होती. काही दिवसांनी तो वस्तूचा साठा संपला आणि हॅरिंग्टन बरा झाला. असा प्रयोग करायला आज कोणतीही नैतिकता समिती परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्यातून मिळालेले उत्तर पक्के होते. ती वस्तू म्हणजे प्रतिपिंडे, हे पुढे सिद्ध झाले.

प्रतिपिंडाचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा असतो. त्याची दोन टोके शत्रूला, म्हणजे प्रतिजनाला, पकडतात. उरलेला दांडा प्लीहेतल्या महाभक्षी पेशींसाठी खुणेचे काम करतो. त्या पेशींवर हा दांडा पकडणारे ग्राही असतात. ज्याच्या अंगावर असे दांडे दिसतील त्याला महाभक्षी पेशी गिळते. जिवाणू असेल तर उत्तमच. पण दांडे स्वतःच्याच पट्टिकेवर चिकटले असतील, तरी ती तिलाही गिळते. पकडलेला आरोपी खरा की खोटा, हे पाहणे तिचे काम नाही.

न्यूयॉर्क, 1982

एड्सची पहिली नोंद जून 1981 मध्ये अमेरिकेत झाली. त्यानंतर वर्षभरातच न्यूयॉर्कमधील सायमन कारपॅटकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समलिंगी तरुणांमध्ये पट्टिका घटण्याचे प्रमाण अनपेक्षितपणे वाढलेले पाहिले व 1982 मध्ये ते प्रसिद्ध केले. त्या वेळी विषाणूचा पत्ताच नव्हता. तो 1983 मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत सापडला. आपल्या देशात 1986 साली चेन्नईच्या मद्रास मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांनी एचआयव्हीची लागण पहिल्यांदा शोधून काढली. सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. पुढे 1992 मध्ये पुण्याजवळ भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली.

या काळात जगभर एक गोष्ट स्पष्ट होत गेली. एचआयव्हीच्या रुग्णांत पट्टिका कमी होणे हे आजाराच्या शेवटच्या टप्प्याचे लक्षण असेलच असे नाही. माणूस वरवर ठणठणीत असताना, त्याच्या सीडी-4 पेशी अजून पुरेशा असतानाही ते दिसू शकते. कधी कधी तर एचआयव्हीची पहिली चाहूल हीच असते.

मुख्याध्यापक नसलेली शाळा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एचआयव्ही ज्या पेशींत शिरतो त्या सीडी-4 पेशी स्वतः फारशी लढाई करत नाहीत. कोणी केव्हा कामाला लागायचे, केव्हा थांबायचे, हे त्या ठरवतात. त्यांना शाळेचे मुख्याध्यापक समजा. मुख्याध्यापकांचे पद रिकामे राहिले, की शाळेत काय होते? काही वर्गांवर तास होत नाहीत. पण शाळा त्यामुळे शांत होते का? उलट काही वर्गांत गोंधळ माजतो. न होणारे तास आणि माजलेला गोंधळ, दोन्हींचे कारण एकच असते.

एचआयव्हीत नेमके हेच होते. क्षयाच्या जंतूंविरुद्ध किंवा बुरशीविरुद्ध जी कामे नेटाने व्हायला हवीत ती होत नाहीत. त्याच वेळी प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशी लगाम सुटल्यासारख्या वागतात. अशा रुग्णांच्या रक्तात प्रतिपिंडांचे एकूण प्रमाण निरोगी माणसापेक्षा वाढलेले असते. पण ती कामाची असतातच असे नाही. तेव्हा प्रतिकारशक्ती म्हणजे केवळ बळ नव्हे. आपले कोण आणि परके कोण हे ओळखण्याची शिस्तही तीत येते. एचआयव्ही बळ आणि शिस्त दोन्ही हिरावतो.

या बेशिस्तीचा फटका पट्टिकांनाच का बसतो, याची मुख्य कारणे अशी :

पहिले कारण चुकलेली ओळख. विषाणूच्या आवरणावर जीपी-120 नावाचे प्रथिन असते. पट्टिकेवर जीपी-थ्री-ए नावाचे प्रथिन असते. जखमेच्या जागी फायब्रिनोजेनला धरून पट्टिका एकमेकींना चिकटतात, त्या कामात त्याचा वाटा असतो. या दोन प्रथिनांच्या काही भागांत साम्य आहे. त्यामुळे विषाणूसाठी बनलेले प्रतिपिंड पट्टिकेलाही जाऊन चिकटते. कारपॅटकिन यांच्या गटाने 2001 मध्ये आणखी एक चमत्कारिक गोष्ट दाखवली. यातली काही प्रतिपिंडे महाभक्षी पेशींची वाटच पाहत नाहीत. ती चिकटताच पट्टिकेत हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी तीव्र रसायने तयार होतात आणि पट्टिका जागीच फुटते.

दुसरे कारण गुंतवळ. विषाणूचे तुकडे, त्यांवरची प्रतिपिंडे आणि या प्रतिपिंडांवर उठलेली दुसरी प्रतिपिंडे यांचे पुंजके रक्तात फिरत असतात. ते पट्टिकांच्या अंगावर बसतात. पट्टिकेचा यात काहीच दोष नसतो. पण दांडे दिसले की प्लीहा तिला अडवते.

तिसरे कारण थेट कारखान्यातले. मेगाकॅरिओसाइटांवरही विषाणूला आत घेणारी दारे, म्हणजे सीडी-4 सारखे ग्राही, असतात. विषाणू मज्जेत पोचतो आणि या पेशींनाच पीडा देतो. शिवाय पट्टिकांवर उठलेली प्रतिपिंडे मेगाकॅरिओसाइटांवरही बसतात, कारण आईच्या अंगावरही तीच प्रथिने असतात. परिणामी मज्जेत या पेशींची गर्दी दिसते, पण त्यांच्यापासून रक्तात येणाऱ्या पट्टिका मात्र अपुऱ्या पडतात. हॅरिंग्टनच्या प्रयोगात कारखाना शाबूत होता. एचआयव्हीत तसे नसते.

फळ्यावरचे गणित

दोन बाजूंनी होणारी ही कोंडी वर्गात एका साध्या गणिताने समजावता येते. एका वसतिगृहात रोज 100 मुले येतात आणि प्रत्येक मूल 10 दिवस राहून जाते. तर कोणत्याही दिवशी तिथे किती मुले असतील? 100 गुणिले 10, म्हणजे 1000. मुले दोनच दिवसांत जाऊ लागली तर 200 उरतील. त्यातच रोजची भरतीही निम्मी झाली तर 100.

हेच पट्टिकांना लावू. समजा मोजणी अडीच लाख आहे आणि आयुष्य 10 दिवसांचे. प्रतिपिंडांमुळे आयुष्य दोन दिवसांवर आले, तर मोजणी 50 हजार होईल. नुसते उत्पादन निम्मे झाले, तर सव्वा लाख. या दोन्ही अवस्थांत माणूस बहुधा सुरक्षित असतो. पण दोन्ही एकदम घडले तर मोजणी 25 हजारांवर येते आणि हिरड्यांतून रक्त येऊ लागते. इथे घट बेरजेने होत नाही, गुणाकाराने होते. निरोगी मज्जा अशा वेळी उत्पादन कित्येक पटींनी वाढवून तोल सावरते. एचआयव्हीने पिडलेल्या मज्जेला ते पुरेसे साधत नाही. हे गणित लक्षात ठेवा. उपचारांचे मर्म त्यात आहे.

निदान करताना

पट्टिका कमी आल्या म्हणजे लगेच प्रतिपिंडांवर बोट ठेवता येत नाही. त्यासाठी खात्रीची अशी एकच चाचणी नाही. इतर कारणे एकेक करून वगळावी लागतात.

सर्वांत साधे कारण म्हणजे मोजणीतली चूक. रक्त गोठू नये म्हणून नळीत ईडीटीए हे रसायन असते. काहींच्या पट्टिका त्यात एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात. यंत्र एक गठ्ठा एक म्हणून मोजते. काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकातून पाहिले की उलगडा होतो. त्यानंतर डेंग्यू, हिवताप, यकृताचे विकार, हेपटायटिस सी, मज्जेत शिरलेला क्षय किंवा कर्करोग यांचा विचार करावा लागतो. औषधेही पट्टिका घटवतात. क्षयावरचे रिफॅम्पिसिन व लिनेझोलिड आणि एचआयव्हीच्या रुग्णांना इतर संसर्ग टाळण्यासाठी देतात ते कोट्रायमोक्झाझोल ही त्यांतली काही.

डेंग्यूशी असलेला फरक सामान्य माणसालाही उपयोगी पडेल. डेंग्यूत पट्टिका तापाबरोबर झपाट्याने उतरतात आणि काही दिवसांत आपोआप वर येतात. प्रतिपिंडांमुळे होणारी घट ताप नसतानाही असते आणि आठवडे, महिने टिकते. ताप जाऊन महिना झाला तरी मोजणी खालीच असेल, तर पपईच्या पानांचा रस पीत बसू नये. डॉक्टरांकडे जाऊन कारण शोधावे. प्रौढ माणसाच्या पट्टिका अशा विनाकारण कमी असतील तर एचआयव्ही आणि हेपटायटिस सी यांची तपासणी करावी, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही सांगतात. सरकारी रुग्णालयांतल्या समुपदेशन व चाचणी केंद्रांत एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि तिचा निकाल गुप्त ठेवला जातो.

उपचार : गळती थांबवा, नळ उघडा

पट्टिका कमी, तर बाहेरून द्या, असे सहज सुचते. पण दिलेल्या पट्टिकांवरही तीच प्रतिपिंडे बसतात आणि त्याही थोड्याच वेळात नाहीशा होतात. म्हणून जोराचा रक्तस्राव चालू असतानाच त्या देतात.

तातडीच्या वेळी महाभक्षी पेशींना गुंतवून ठेवणे हा मार्ग असतो. अनेक दात्यांच्या रक्तातून काढलेली इम्युनोग्लोब्युलिने शिरेतून दिली, की महाभक्षी पेशींचे ग्राही त्यांतच अडकतात आणि पट्टिकांना उसंत मिळते. ही युक्ती 1981 मध्ये स्वित्झर्लंडच्या पाउल इम्बाख यांनी लहान मुलांवर उपचार करताना दाखवली. आरएच-पॉझिटिव्ह रुग्णाला अँटी-डी प्रतिपिंडे देण्यामागेही हाच विचार आहे. तांबड्या पेशी पुढे करून पट्टिका वाचवायच्या. याची किंमत म्हणून थोडा रक्तक्षय होतो. स्टेरॉइडे प्रतिपिंडांचे काम मंदावतात, पण आधीच संसर्गाचा धोका असलेल्या रुग्णात ती जपून आणि थोडेच दिवस वापरावी लागतात. काही जणांची प्लीहाही पूर्वी काढून टाकत.

हे सारे उपाय आपल्या गणितातले एकच पद सुधारतात, पट्टिकेचे आयुष्य. उत्पादनाचे काय?

याचे उत्तर एका विलक्षण योगायोगाने मिळाले. झिडोव्हुडिन हे एचआयव्हीवरचे पहिले औषध 1987 मध्ये अमेरिकेत मान्य झाले. ते मज्जेला त्रास देते, त्याने रक्तक्षय होतो, हे माहीत होते. तेव्हा पट्टिका आणखी उतरतील असेच कोणालाही वाटले असते. पण 1988 मध्ये स्विस संशोधकांनी दाखवले, की त्याने पट्टिका वाढतात. विषाणू हटला, की मेगाकॅरिओसाइटांना होणारी पीडा थांबते. पुढे तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत आल्यावर विषाणूबरोबर चुकीच्या प्रतिपिंडांचा उगमही आटतो हे दिसले. गळती कमी आणि नळ मोकळा. म्हणून आज एचआयव्हीमुळे घटलेल्या पट्टिकांवरचा मुख्य उपाय म्हणजे एचआयव्हीवरचाच उपचार, एआरटी. मोजणी वर यायला बहुधा काही आठवडे ते महिने लागतात. तोवर गरज असल्यास वरच्या उपायांचा आधार घ्यायचा.

या औषधांच्या गोष्टीत महाराष्ट्राचा वाटा आहे. मुंबईच्या सिप्ला कंपनीने 1990च्या दशकात झिडोव्हुडिन भारतात बनवले. त्या काळी तीन औषधांच्या उपचाराला पाश्चात्त्य देशांत माणशी वर्षाला दहा हजार डॉलरांहून अधिक खर्च येई. फेब्रुवारी 2001 मध्ये याच कंपनीने तो 350 डॉलरांत देऊ केला आणि जगातल्या गरीब देशांचे चित्र पालटले. भारत सरकारने 1 एप्रिल 2004 पासून मोफत एआरटी सुरू केली. सुरुवातीच्या आठ रुग्णालयांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. 2017 पासून सीडी-4 पेशी किती आहेत हे न पाहता प्रत्येक बाधिताला उपचार दिले जातात.

गोळ्या आणि ऊसतोड

अडचण आहे ती सातत्याची. एआरटी मध्येच बंद केली, तर विषाणू पुन्हा उसळतो आणि पट्टिका पुन्हा घसरू शकतात. येरमाळा ज्या कळंब तालुक्यात आहे त्या भागातून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीनंतर हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पाच-सहा महिने गाव सुटते, नेहमीचे एआरटी केंद्र सुटते. रोज रात्री घ्यायची एक गोळी फडावरच्या कोपीत, मुकादमाच्या आणि शेजाऱ्यांच्या नजरेपुढे घेणे अवघड होते. स्थलांतराची कल्पना केंद्रावर आधी दिली, तर काही महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात, किंवा कामाच्या ठिकाणाजवळच्या केंद्रात नाव वळवून घेता येते. हे अनेकांना ठाऊक नसते. गावातल्या शिक्षकाला ठाऊक असेल, तर त्याचा उपयोग होईल.

शिक्षकाने आणखी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पट्टिका कमी असलेल्या माणसाने ताप-अंगदुखीसाठी अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नये. त्याने उरलेल्या पट्टिकाही निकामी होतात. वर्गात कोणाचा घोळणा फुटला तर मुलाला पुढे वाकवून बसवावे, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे दाबून धरावा, रक्त पुसताना हातमोजे घालावेत. हातमोजे प्रत्येक मुलासाठी घालावेत. कोणाच्या रक्तात काय आहे हे चेहऱ्यावरून कळत नाही, आणि विशिष्ट मुलासाठीच मोजे काढले तर त्याची वाच्यता सगळ्या शाळेत होते. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा, 2017 हा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून शाळेत प्रवेश नाकारणे, वेगळे बसवणे किंवा संमतीवाचून कोणाची स्थिती उघड करणे त्याने बेकायदा ठरते.

शेवटी पुन्हा त्या चौकस विद्यार्थ्याकडे वळू. त्याला असे सांगता येईल : तुझा प्रश्न बरोबर होता, पण त्यातली ‘दुबळी’ आणि ‘हल्ला’ ही विरुद्ध टोके नाहीत. नेतृत्व हरवलेली यंत्रणा खऱ्या शत्रूपुढे नमते आणि आपल्याच माणसांवर तुटून पडते. तिला आणखी बळ देऊन उपयोग नाही, नुसते दडपूनही नाही. ज्याने तिची शिस्त मोडली त्या विषाणूला आवरले, की पट्टिका बहुधा आपल्या जागी परत येतात. त्यासाठी लागणारी गोळी आज मोफत मिळते. ती रोज, न चुकता, आणि न लपवता घेता यावी, एवढे मात्र आपल्या हातात आहे.